शिखरावरची मोगरी

४ नोव्हेंबर, शिखरावरून

टिल्लू,

तुझी दाढ एकच दुखत होती ना रे? की डॉक्टरनं सगळी बत्तिशीच काढायला घेतली आहे? "चार दिवसांत परत येतो ताई" म्हणून हात हलवत उतरलास, त्याला महिना होऊन गेला. वायरलेसवर तुझा आवाज रोज येतो, पण तो काय आवाज म्हणायचा! "शिखर, नोंद मिळाली, धन्यवाद." जिनं तुझं नाक पुसलं तिला धन्यवाद! कचेरीत सगळे ऐकत असतात, तिथे घरचं बोलता येत नाही, हे मलाही कळतं. म्हणून हे पत्र. वाटाड्याकाका रसद टाकून दुपारच्या आत उतरतील, त्यांच्या हाती देते.

इथलं सगळं तू सोडून गेलास तसंच आहे. शाळेच्या पटांगणाएवढा माथा, उत्तरेला सरळ तुटलेला कडा, दक्षिणेला बर्फाचा उतार आणि मधे पोलादी तारांनी खडकाला बांधून ठेवलेली आपली दोन खोल्यांची वेधशाळा. सकाळी ढग पायाखाली पसरतात आणि वर ऊन इतकं कडक पडतं की बर्फावरून उलटून हनुवटीखालची कातडी भाजते. बटाटे कुकरशिवाय अजूनही शिजत नाहीत. पाणी खळखळ उकळतं आणि चहा मात्र कोमट होतो, फक्त त्यावरून कुरकुर करायला आता कुणी नाही. संध्याकाळी डोंगराची सावली त्रिकोणी होऊन थेट गावापर्यंत जाते. ती कचेरीवर पडली की समज, ताईनं आठवण काढली.

परवा तुमचं ते यंत्र आलं. त्याच्याबरोबर यंत्रवालाही आला, पोट सुटलेला, दर वळणावर बसून आपल्या आईला हाका मारणारा सज्जन माणूस. आपल्या वारा मोजायच्या खांबाशेजारीच त्यानं दुसरा खांब रोवला. वर तशाच तीन वाट्या, वाऱ्यानं गरगर फिरणाऱ्या. फरक एवढाच की त्यांचं मोजमाप मी वाचून सांगायचं नाही, ते आपोआप तुझ्या टेबलावरच्या काट्यावर उमटतं. "हिवाळाभर चाचणी आहे बाई," तो म्हणाला, "तुमच्या मदतीलाच आहे." मदतीला मला यंत्र नको, तू हवास. वादळात एक निरीक्षक बाहेर गेला की दुसऱ्यानं दारातून दोर धरायचा, हा साहेबांचाच नियम. त्यांना आठवण करून दे.

दाढेखाली लवंग धर आणि ये.

ताई


१२ डिसेंबर

टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं. "कचेरीत माणसं कमी आहेत, साहेबांनी ठेवून घेतलंय, वसंतात बघू." ठेवून घेतलंय म्हणजे? तू काय कुणाकडे विसरलेली छत्री आहेस? तुझ्या बायकोला तू घरी हवा असशील, तर ते मी समजू शकते. लग्न झाल्यापासून बिचारीनं नवरा पाहिला तो सुट्टीपुरता. तेवढंच असेल तर सरळ सांग. मी रागावेन, चार शब्द सुनावेन आणि साहेबांकडे दुसरा माणूस मागेन. पण सांग.

या आठवड्यात ढग माथ्यावर ठाण मांडून बसलाय. ज्याला लागतो तिथेच गोठतो. खांबांवर, तारांवर, दाराच्या कडीवर बर्फाची पिसं उगवली आहेत. ती वाऱ्याबरोबर मागे झुकत नाहीत, वाऱ्याच्या तोंडावर पुढे वाढतात. तू नवा होतास तेव्हा यावरून माझ्याशी पैज लावली होतीस आणि हरल्यावर आठवडाभर भांडी घासली होतीस. अजून तसंच चाललंय. नोंदीची वेळ झाली की लाकडी मोगरी घ्यायची, बाहेर जायचं, वाट्यांवरचा बर्फ ठोकून पाडायचा, त्या फिरायला लागल्या की मग वारा वाचायचा. न ठोकता वाचला तर वाट्या जखडलेल्या, वारा शून्य. माणसाला कड्यावरून उचलून फेकणारं वादळ, आणि नोंदीत शून्य!

तुझ्या यंत्राच्या वाट्याही अशाच गोठतात. शेजारीच उभं आहे बिचारं, म्हणून हातासरशी त्यालाही दोन ठोके देते. मला गोठलेली वाटी बघवत नाही, तुला माहीतच आहे. शेजारणीच्या पोराचं नाक वाहत असलं तरी आपण पुसतोच ना, तसं.

आणखी एक. ते पुन्हा यायला लागलंय. माथा ढगात बुडाला की कड्याच्या बाजूनं माझ्या मागे कुणीतरी चालतं. मी थांबले की थांबतं. मी घाबरत नाही, तूही घाबरू नकोस. विरळ हवेत डोकं असले खेळ करतं, हे आपण दोघांनी केव्हाच ठरवून टाकलंय. तूसुद्धा ऐकलं होतंस आणि चुकून चहाचे तीन कप मांडले होतेस, आठवतं? पोट दुखेपर्यंत हसलो होतो. हे फक्त तुला लिहिते. दुसऱ्या कुणाच्या कानावर गेलं तर मला गाठोड्यात बांधून खाली नेतील.

ताई


२५ जानेवारी

टिल्लू,

उत्तर नाही. बरं, नसू दे.

या महिन्यात वादळानं पिच्छा पुरवला. दोर धरायला कुणी नाही म्हणून मी तो दाराच्या बिजागरीला बांधते, दुसरं टोक कमरेला, आणि रांगत जाते. एकदा वाऱ्यानं मला खांबापासून दारापर्यंत परत आणून टाकलं, फुकटात. दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती, चोळून चोळून आणली ताळ्यावर. एका दुपारी वीज जवळ आली तेव्हा तारा मधमाश्यांसारख्या गुणगुणायला लागल्या आणि माझे केस टोपीतून उभे राहिले. तू असतास तर म्हणाला असतास, ताई, आता तरी विंचर.

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी इतकं निवळलं! खाली दरीत धुकं आणि गारठा, इथे मात्र उबदार ऊन, वारा पडलेला. मी दारात बसून मोजे वाळवले. पायाखाली ढगांची जमीन आणि तिच्यातून वर आलेली लांबलांबची चार शिखरं, बस्स. अशा दिवशी वाटतं, मला दुसरीकडे कुठे नेऊन ठेवलं तर मी मरेनच. लिहिताना हसू येतंय, पण खरं आहे ते. या माथ्यावर माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि दुसरं अर्धंही इथेच जावं एवढंच मला हवंय.

काल साहेब स्वतः वायरलेसवर आले. "यंत्र फार छान चाललंय, नोंदीत कुठेही खंड नाही, अभिनंदन." मी म्हटलं, "साहेब, ते मी ठोकते म्हणून..." तेवढ्यात खरखर झाली आणि आवाज गेला. मागून तुझं खोकणं ऐकू आलं होतं मला. तू तिथेच होतास. पुढचं तू सांगितलं असशीलच त्यांना.

सांगितलंस ना?

ताई


६ मार्च

यंत्रविभागाचे नवे प्रमुख यांस,

चकित होऊ नका. तुमची बढती वरपर्यंत पोचली. तुमचा यंत्रवाला आज दुपारी आला, बूट काढले, शेगडीशी पाय धरले आणि मायेनं विचारलं, "काय बाई, झाली का आवराआवर?"

"कसली आवराआवर?"

"खाली यायची. उन्हाळ्यापासून इथे माणूस ठेवायचा नाही म्हणतात ना. तुम्हाला सांगितलं नाही भावानं?"

मी चहा गाळत होते. गाळत राहिले. तो मनानं सरळ माणूस, त्याला वाटलं मला निम्मं माहीत आहे, म्हणून उरलेलं निम्मं त्यानं सांगून टाकलं. यंत्र वर पाठवायच्या आधी साहेबांनी तुला विचारलं होतं, एवढ्या बर्फात हे टिकेल का. तू म्हणालास, माझी हमी. "साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी तुमच्या भावाला म्हटलं," यंत्रवाला सांगत होता, "अहो, यात वाट्या गरम ठेवायची सोय नाही, पहिल्या ढगात गोठणार. तर हसले. म्हणाले, ताई आहे ना वर. तिला गोठलेली वाटी बघवत नाही."

माझंच वाक्य. माझ्याच तोंडचं उचलून माझ्याविरुद्ध वापरलंस!

म्हणजे हिवाळाभर मी रांगत जाऊन, बोटं गोठवून, माझ्याच हातानं माझी नोकरी ठोकून पाडत होते. प्रत्येक ठोक्यासरशी तुझं यंत्र शहाणं ठरत होतं आणि मी जास्तीची. आणि तू तिथे उबेत बसून काटा बघत होतास. काटा हलला की तुला कळत असणार, आत्ता ताई बाहेर आहे, आणि दोर धरायला कुणी नाही. तेव्हा काय वाटायचं रे तुला? खरंच विचारते. चहा गोड लागायचा का?

एवढ्यावरही मी गप्प बसले असते. पण जाताना तो दारात घुटमळला. "तब्येतीला जपा बाई. ते... मागून कुणी चालतं म्हणे तुमच्या. कचेरीत सगळ्यांना वाईट वाटतं तुमच्याबद्दल."

सगळ्यांना. टिल्लू, मी ते तुला सांगितलं होतं. साऱ्या जगात एका तुला. साहेब म्हणाले असतील, इतकी जुनी निरीक्षक, तिला कसं काढायचं, आणि तू खिशातून हे काढून दिलंस. तीन कप कुणी मांडले होते, तेही सांगितलंस का? की तुझ्या डोक्यातली हवा तेवढी दाट होती?

आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. तुला या नोकरीत मी आणलं. दोराची गाठ मी शिकवली. आतल्या गाठीचा कधी झालास ते कळलंच नाही. केसानं गळा कापलास माझा.

आजपासून तुझ्या वाट्यांना मी हात लावणार नाही. माझ्या खांबावरचा बर्फ काढेन, तुझ्या नाही. बघू दे साहेबांना, यंत्र एकटं काय दिवे लावतं ते.


२० मार्च

टिल्लू,

काल जे झालं ते तू कचेरीच्या बाजूनं पाहिलंस. माझ्या बाजूनं कसं दिसलं ते ऐक.

पहाटे ढग येऊन गेला आणि सगळं गोठवून गेला. मग आकाश स्वच्छ निळं झालं, पण पश्चिमेचा वारा सुसाट. मी ठरवल्याप्रमाणे माझ्या वाट्या सोडवल्या, तुझ्या तशाच ठेवल्या. पांढऱ्या बोळ्यासारख्या दिसत होत्या. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

मग दुर्बिणीत पाहिलं, खिंडीतल्या झोपडीतून गिर्यारोहक निघाले होते. पाच जण, एका दोरावर. खिंडीत डोंगराचा आडोसा असतो, तिथे पान हलत नाही. त्यांना परवानगी तुझ्या काट्यावरून मिळते, आणि काटा शून्यावर. माथ्याखालच्या धारेवर आले की आडोसा संपतो आणि तिथून खाली कडाच.

मी वायरलेस उचलला. "कचेरी, शिखर बोलतेय. इथे वादळी वारा आहे. खिंडीतून निघालेल्यांना परत बोलवा."

तुझा आवाज आला. "शिखर, यंत्रावर वारा शून्य आहे. खात्री करून सांगा."

"यंत्र गोठलंय. मी माझ्या वाट्यांवर वाचलाय वारा."

कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. आणि मग तू, माझा भाऊ, सगळ्यांसमोर, समजूत घातल्यासारखा म्हणालास, "शिखर, तुम्ही दमला आहात. थोडी विश्रांती घ्या."

तुला खरं काय ते माहीत होतं. त्या खोलीत एकट्या तुलाच माहीत होतं की ते शून्य कशाचं आहे. पण यंत्र गोठतं हे कबूल केलं असतंस तर हमी खोटी पडली असती. पाच माणसं धारेकडे चालली होती आणि तू मला विश्रांती घ्यायला सांगत होतास.

मी मोगरी घेतली. दोर बांधायलाही थांबले नाही. तुझ्या वाट्या ठोकल्या, ठोकल्या, ठोकल्या, बर्फ माझ्या तोंडावर उडत होता आणि मी मोठ्यानं रडत होते. त्या फिरायला लागल्या. तिथे तुझा काटा उडाला असेल. थोड्या वेळानं खिंडीत लाल बावटा चढला आणि ती पाच जणांची माळ वळली.

संध्याकाळी साहेबांचा निरोप आला. अचानक उठलेलं वादळ यंत्रानं अचूक टिपलं, पाच जीव वाचले, आता शंकाच उरली नाही. पुढच्या महिन्यात मला उतरवायला माणसं येतील.

टिल्लू, मी ठोकणार हे तुला तेव्हाही माहीत होतं ना? म्हणूनच विश्रांती घ्या म्हणालास. माझ्या चांगुलपणावर इतका भरवसा, आणि माझ्या शब्दावर एवढाही नाही.


१४ जून, गावातून

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर खोली घेतली आहे. दिवसभर खाली पंप मारण्याचा आवाज. हवा इतकी दाट की गिळावी लागते. सगळ्याला वास येतो, रबराला, भिंतीला, माणसांना. वर कशालाच वास नव्हता. इथे बटाटे साध्या पातेल्यात शिजतात आणि चहा जीभ भाजतो. खिडकीतून शिखर दिसतं, म्हणून जास्त भाडं कबूल केलं. येताना कचेरीचं सगळं कचेरीला दिलं, मोगरी तेवढी घेऊन आले. ती माझी स्वतःची होती.

परवा तू दारात आलास. बायकोला पुढे केलंस, स्वतः जिन्यात उभा. "तुझ्या भल्यासाठीच केलं ताई. किती दिवस एकटी राहणार होतीस वर?"

एकटी कुणी केलं रे मला?

तुझ्या बायकोला मी आत घेतलं, तिनं काही केलेलं नाही. पाणी दिलं, डोहाळ्यांची चौकशी केली. तुला दार लावलं ते समजून उमजून. पुन्हा येऊ नकोस. पत्रही हे शेवटचं.


११ ऑक्टोबर, सकाळी

टिल्लू,

शेवटचं म्हटलं होतं. पण वाटाड्याकाका आत्ता माझ्या दारात उभे आहेत, हातात टोपी. त्यांनी सांगितलं की आज साहेब आणि पाहुणे घेऊन तू वर निघाला आहेस, बिनमाणसाची वेधशाळा दाखवायला. "बाई, भाऊ म्हणतात काट्यावर शून्य आहे, दिवस उत्तम आहे. आणि मला तर शिखरावर बर्फाची शेंडी उडताना दिसतेय. तुम्ही सांगा, वर कसं आहे?"

मी खिडकीतून बघितलं. माथ्यावरून बर्फाचा धूर पूर्वेला लांबच लांब गेलाय, थेट दुसऱ्या शिखरापर्यंत. एवढी शेंडी कधी उडते ते तुला शिकवावं लागणार नाही. धारेवर आज कुणी उभं राहू शकणार नाही. काल दिवसभर माथा ढगात होता. वाट्या गोठल्या आहेत, आणि ठोकायला वर कुणी नाही.

तुला हे माहीत आहे. तू आंधळा नाहीस, तुझ्याही कचेरीला खिडकी आहे. पण साहेबांच्या आणि पाहुण्यांच्या देखत आता कोणत्या तोंडानं म्हणणार, की हे शून्य खोटं आहे? वर्षभर खरं म्हणून विकलंस ते. लाजेपायी तू चालत राहशील. मी तुला ओळखते, लहानपणी ताप लपवून शाळेत जायचास.

म्हणून नीट वाच. हे पत्र सगळ्यांसमोर उघड आणि खुशाल माझं नाव घे. सांग, ताईचं डोकं फिरलंय, तिनं काहीतरी अभद्र लिहून पाठवलंय, तिला सांभाळायला मला परत फिरलं पाहिजे, तुम्हीही उद्या चला. मागून कुणी चालतं ते सांग, तीन कप सांग, हवं ते सांग. एकदा माझ्या वेडावर बढती मिळवलीस, आज त्याच वेडावर जीव वाचव. मी कुणापुढे नाकारणार नाही. फक्त खिंडीच्या पुढे पाऊल टाकू नकोस. तुझं लेकरू आता तीन आठवड्यांचं आहे, मी अजून त्याला पाहिलं नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. ते वेगळं.

काकांकडे पत्राबरोबर मोगरीही पाठवतेय, खिंडीच्या आत ते तुला गाठतील. वारा पडला की त्यांना दोर धरायला घे आणि वर जाऊन स्वतः वाट्या ठोक, आणि यापुढेही तूच ठोक. मी आता येणार नाही. दांडा नवा बसवलाय, अजून खरखरीत आहे. हातमोजे घाल.

ताई